‘४.८०’वाल्या भाऊंना खुलं पत्र

तुमसरच्या बाजारातले आमचे कॉम्प्युटरवाले भाऊ,

आपण दिलेलं यंत्र आमच्या घरी सुखरूप आहे. तापतं, घरघरतं, पण आहे. पत्राचं कारण वेगळं. आपला जाहीर सत्कार करावा असं फार मनात आहे, कारण विकताना आपण सांगितलेला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त प्रत्येक आकडा भलत्याच खात्यावर जमा केलात.

“आय सेव्हन हाय भाऊ, याच्यावरचा नंबरच नाही!” हे आपलेच शब्द. २००८च्या नोव्हेंबरात कोणी हे म्हटलं असतं, तर आम्ही मान डोलावली असती. आय नाइन २०१७लाच आला, ही बातमी आपल्या गल्लीत अजून पोचायची असेल.

लेक नागपूरला शिकते. सुटीत आली आणि तिने कॅबिनेट उघडलं. पंखा काढला, वाळून खडखडीत झालेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि प्रोसेसरच्या टोपीवरची अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली. आय सेव्हन ९२०. खाली एक ओळ: २.६६ गिगाहर्ट्झ, ८ एम, ४.८०.

तेव्हा आपली विद्वत्ता कळली. ‘४.८चा स्पीड’ आपण इथून उचललात! भाऊ, तो प्रोसेसर आणि मदरबोर्डवरची चिप यांच्यातल्या देवाणघेवाणीचा वेग, सेकंदाला ४८० कोटी फेऱ्या. प्रोसेसरचा स्वतःचा वेग त्याच ओळीच्या सुरुवातीला लिहिलाय, २.६६. टर्बोचा जोर लावून फार तर २.९३. आणि ‘आठ कोर’? कोर चारच. एकेक कोर दोन-दोन थ्रेड चालवतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये आठ चौकोन दिसतात. आपण ते बोटाने मोजून दाखवले होते, तेही मोठ्याने.

आपलं गाव धानाचं. जुना तांदूळ नव्यापेक्षा महाग जातो, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक. तोच हिशेब आपण लावला असेल, तर व्यापाऱ्याला मी काय बोलणार? पण सिलिकॉन मुरत नाही हो.

प्रोसेसरच्या चिपचा यात काडीचा दोष नाही. ४५ नॅनोमीटरची, ७३ कोटींहून जास्त ट्रान्झिस्टरची. इंटेलने मेमरीचा कारभार डेस्कटॉपवर पहिल्यांदा प्रोसेसरच्या पोटात घेतला तो याच पिढीत. घाऊक भाव २८४ डॉलर होता, आणि त्या काळी हौशी लोक हिच्यासाठी जीव टाकत. तिला रॅमच्या तीन वाटा आहेत. आपण एकच कांडी खोचून दोन वाटा ओसाड ठेवल्यात. काटकसर म्हणतात ती हीच.

‘फ्री ग्राफिक्स कार्ड’बद्दल मात्र डोळे भरून आले. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोयच नाही. ते कार्ड नसतं तर स्क्रीन काळाच राहिला असता. ट्रॅक्टर विकून चाकं भेट देणारा दानशूर आम्ही पहिल्यांदा पाहिला.

लेकीचं व्हिडिओचं नवं सॉफ्टवेअर प्रोसेसरमध्ये ‘एव्हीएक्स’ची सोय मागतं. ती इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ साली आली, म्हणजे आपल्या ‘लेटेस्ट’ मालानंतर. विंडोज ११च्या अधिकृत यादीतही हे नाव नाही. पण उष्णता भरपूर: १३० वॉटचा प्रोसेसर. मे महिन्यात आमचा कूलर खिडकीतून गार हवा आत टाकतो आणि टेबलाखालून आपला माल तिला गरम करून परत पाठवतो. लाइट गेली की यूपीएस किंचाळतो, मग दोघेही गप्प.

आपल्या कच्च्या पावतीवर ‘i7 – १ नग’ एवढंच आहे. ती घेऊन भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगात गेलो, तर तिथले लोक चहा पाजून परत पाठवतील. तेव्हा एकच विनंती. धानाचे चुकारे सुटले की आपल्याकडे गर्दी होणार. आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय की ‘आय सेव्हन’च्या पुढचा आकडा विचारा आणि तो पक्क्या बिलावर लिहून घ्या. आमच्यापासूनच सुरुवात करा: ‘आय सेव्हन ९२०, सन २००८चं मॉडेल, कोर चार, वापरलेला.’ जीएसटी आम्ही भरतो.

आपला,
फ्री कार्डाचा लाभार्थी