न रंगलेली मैफल

न रंगलेली मैफल आणि न झालेली मैफल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न झालेल्या मैफलीचे पैसे परत मिळण्याची थोडीफार आशा असते. न रंगलेली मैफल मात्र रीतसर पार पडते, ठरल्यापेक्षा तासभर जास्त चालते आणि शेवटी तिच्यासाठी टाळ्याही वाजवाव्या लागतात. रसिकांच्या बोलीत तिला ‘पडलेली’ म्हणतात. ‘आज बुवांचा आवाज लागला नाही’ हा तिच्यावरचा सौम्य अभिप्राय, आणि ‘मध्यंतरातली कॉफी मात्र छान होती’ हा कठोर. दोन्ही अभिप्रायांत दोष गायकाच्या माथी जातो, आणि तो बहुधा अन्याय असतो. मैफल पाडणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्याला पत्रिका छापणाऱ्यापासून सतरंज्या गुंडाळणाऱ्यापर्यंत पुष्कळांचे हात लागतात.

पहिला हात पत्रिकेचा. तिच्यावर ‘ठीक ६ वाजता’ असे छापलेले असते. यातल्या ‘ठीक’चा अर्थ अनुभवी श्रोता जाणतो, म्हणून तो साडेसहाला घरातून निघतो. श्रोता साडेसहाला निघतो हे आयोजक जाणतात, म्हणून ते सातची तयारी ठेवतात. प्रमुख पाहुणे हे दोन्ही जाणतात आणि साडेसातला येतात. गायक परगावचा आणि स्वभावाने भाबडा असल्यामुळे तो तेवढा पाचलाच हजर असतो. ग्रीनरूममध्ये तो तंबोरे लावतो, गळा तापवतो, आणि साडेसातपर्यंत तापलेला गळा पुन्हा गार होतो.

त्यानंतर दीपप्रज्वलन. समईच्या वर पंखा असतो आणि वातीला तेल कमी असते. एक वात पेटवेपर्यंत आधीची विझते. छायाचित्रकाराला हवे तसे हसून पाहुणे काडी धरून उभे राहतात, काडी बोटापर्यंत येते आणि छायाचित्रात हास्याऐवजी दुसरेच काही उमटते. मग सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि अलीकडे तुळशीचे रोप, असा ऐवज प्रत्येकाच्या हाती देताना देणाऱ्याचाही परिचय करून द्यावा लागतो. आपल्याला का बोलावले हे कळत नसल्याचे पाहुणे आधीच सांगून टाकतात. संगीतातले आपल्याला काही कळत नाही, हेही ते नम्रपणे नमूद करतात आणि त्याला पुरावा म्हणून वीस मिनिटे संगीतावर बोलतात. निवेदकाचा प्रकार वेगळा. ‘शब्द अपुरे पडतात’ हे त्याचे पहिले वाक्य. ते खरे असते तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

कार्यक्रम लांबवण्याचा मान केवळ मराठी मंडळांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नातील एका नाट्यगृहात बेथोव्हनने स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम केला. पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्तो आणि आणखी बरेच काही त्याने एकाच संध्याकाळी ऐकवले. कार्यक्रम सुमारे चार तास चालला. कडाक्याची थंडी, नाट्यगृह गारठलेले, वादकांच्या तालमी अपुऱ्या. शेवटच्या रचनेत वादक चुकले, बेथोव्हनने सर्वांना थांबवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाश्चात्त्य संगीतातल्या थोर कृती जगाने पहिल्यांदा ऐकल्या त्या अशा, कुडकुडत आणि घड्याळाकडे बघत. निदान तिथे सत्काराची नोंद नाही.

उशिराचा खरा फटका रागांना बसतो. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर ठरलेले आहेत, आणि प्रहर प्रमुख पाहुण्यांसाठी थांबत नाहीत. दिवाळी पहाटेचे उदाहरण घ्यावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर ध्वनिवर्धक सकाळी ६ च्या आधी लावता येत नाही. दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. ललत हा पहाटेचा, सूर्योदयापूर्वीचा राग. म्हणजे कायदा आणि सूर्य यांच्यामध्ये ललताच्या वाट्याला अर्धा तास येतो, आणि तो समई पेटवण्यात जातो. गायिका बसते तेव्हा ऊन मंडपाच्या खांबावर आलेले असते. ती समजूतदारपणे तोडीकडे वळते, तेवढ्यात प्रायोजकांची चिठ्ठी येते : अभंग घ्या, फराळाची वेळ झाली.

संध्याकाळी हाच नियम उलट्या बाजूने चावतो. ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशी, वर्षात फार तर १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सूट. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मृत्यर्थ १९५३ मध्ये सुरू केला. त्या महोत्सवात रात्र रात्र गाणे चाले आणि श्रोते पहाटे डोळे चोळत घरी जात. दरबारी, मालकंस हे राग त्या रात्रींचे रहिवासी. आता उघड्या मंडपातल्या दरबारीला साडेआठलाच दरबार भरवावा लागतो, शेजारच्या गाडीवर वडे तळले जात असताना. मंद्रातल्या कोमल गंधाराचे गांभीर्य चटणीच्या वासात टिकत नाही, हे कोणताही प्रामाणिक श्रोता कबूल करील.

मैफल पडण्यात तंबोऱ्याचा वाटा मोठा असूनही त्याची चर्चा कमी होते. ग्रीनरूममध्ये पाचला लावलेला तंबोरा साडेसातला रंगमंचावर येतो तेव्हा वरून दिव्यांची धग येत असते. उष्णतेने तारा किंचित सैलावतात आणि तंबोरा उतरतो. त्याच धगीने तबल्याची पुडी कोरडी पडून ताणली जाते आणि तबला चढतो. दोघे एकमेकांपासून दूर जाऊ लागतात आणि गायक मध्ये उभा राहतो, घटस्फोटाच्या खटल्यातल्या साक्षीदारासारखा. वातानुकूलन जोरात असेल तर तारा आखडतात आणि तंबोरा वर जातो. पावसाळी दमट हवेत तबला बसतो, मग तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत राहतो. यावर उपाय एकच : शांतपणे पुन्हा जुळवून घेणे. पण गायकाचा हात खुंटीकडे जातो तोच विंगेतून आयोजक मनगटावरचे घड्याळ दाखवतो. गायक खुंटी सोडतो आणि यांत्रिक तंबोऱ्याचे बटण दाबतो. दोन्ही खरे तंबोरे पाचच्या जुळवणीवरच मागे उभे राहतात आणि त्यांच्या तारा शिष्य हलक्या बोटांनी, ऐकू येणार नाहीत अशा बेताने छेडत राहतात.

जुळवणीला श्रोते कंटाळतात हेही सर्वत्र खरे नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्ये जुळवून थांबले, तर हजारोंच्या समुदायाने टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल, अशी आशा रविशंकरांनी आभार मानून व्यक्त केली. त्या श्रोत्यांच्या अज्ञानाला आजवर पुष्कळ जण हसले आहेत. पण जिथे जुळवणी हाच कार्यक्रमाचा सर्वांत सुरेल भाग ठरतो अशा मैफली ज्यांनी पाहिल्या आहेत, ते हसत नाहीत.

आता ध्वनिव्यवस्था. संध्याकाळी पाचला माईकसमोर ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणून जी चाचणी होते ती निर्दोष असते. सभागृह घुमते, गायकाला आपला आवाज देवळात गायल्यासारखा भरदार ऐकू येतो आणि तो समाधानाने चहा मागवतो. चाचणीच्या वेळी सभागृह रिकामे असते, ही यातली मेख. माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. हे शास्त्र वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास बसवले. विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे प्राध्यापकाचे दुसरे वाक्य पहिल्याच्या अंगावर येऊन पडे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री सहायकांकरवी उचलून आणायच्या, त्या मांडून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचे आणि सकाळपूर्वी गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या, असा उद्योग कितीतरी रात्री केला. आधुनिक ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर उभा आहे.

सॅबिनच्या शोधाचा मैफलीपुरता अर्थ सरळ आहे. सभागृह भरले की पाचची चाचणी रद्द होते, आणि पाचच्या चाचणीइतका आवाज चांगला लागायचा तर कोणीही येता कामा नये. काही मंडळे या दिशेने बरीच पुढे गेली आहेत.

भरलेल्या सभागृहात पहिल्या आलापालाच गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो. तो बोटाने वर खूण करतो, म्हणजे मॉनिटर वाढवा. मॉनिटर वाढवला की त्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा मॉनिटरमध्ये, आणि या प्रदक्षिणेतून एक लांब शिट्टी जन्माला येते. शिट्टीला बहुधा शुद्ध स्वर असतो, इतकेच तिच्याविषयी बरे बोलता येते. ध्वनिव्यवस्थेवर बसलेला तरुण दुपारी वरातीचे काम करून आलेला असतो. तबला हे तालवाद्य आहे एवढे त्याला ठाऊक असते, म्हणून तो डग्ग्याला वरातीचा मान देतो. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते. त्या मिनिटात गायक जे नाजूक काही करू पाहतो त्यावर दर चार-पाच सेकंदांनी डग्ग्याची गदा पडत राहते.

श्रोत्यांचे वर्गीकरण आसनावरून करता येते. सर्वांत पुढे सोफे. ते राखीव असतात आणि निम्मे रिकामे राहतात. ज्यावर कोणी बसले आहे तिथे गाण्यापेक्षा बसण्याला महत्त्व असते, आणि सत्कार झाला की तीही जागा रिकामी होते. गायकाच्या नजरेसमोर दीड तास पांढऱ्या कव्हरांचे रिकामे सोफे असतात. दाद मिळायची ती मागच्या भारतीय बैठकीवरून, पण तिथल्या जाणकाराची ‘क्या बात है’ सोफ्यांच्या पाठी ओलांडून येईपर्यंत गायक पुढच्या जागेवर गेलेला असतो. मधल्या खुर्च्यांत मोबाइलवर चित्रण करणारे बसतात. ते मैफल घरी जाऊन ऐकणार असतात, म्हणून इथे ऐकत नाहीत. एक गट चुकीच्या मात्रेवर मान हलवणाऱ्यांचा. त्याच्याकडे तबलजीने पाहू नये, असा संकेत आहे. शिवाय प्रत्येक मैफलीत एक गृहस्थ असे असतात की ज्यांनी हाच राग याच गायकाच्या गुरूंकडून ऐकलेला असतो. आलाप सुरू झाला की ते शेजाऱ्याला हे सांगतात, आणि त्यांचे सांगणे संपते तेव्हा द्रुत सुरू झालेले असते.

गायकाकडेही थोडा दोष जातो, आणि तो लपवण्याचे कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याला चार गावे करणारा गळा पाचव्या गावी सरावावर चालतो : तीच बंदिश, तीच तिहाई, आणि सुचल्यासारखा दाखवलेला तोच अडखळ. आलापाला दाद येत नाही असे दिसले की तो तानेकडे धावतो, तानेलाही आली नाही की तबल्याशी सवाल-जवाब काढतो. सवाल-जवाबाला टाळ्या हमखास पडतात. पण त्या टाळ्या मिळाल्यावर राग परत हाती लागत नाही, आणि चांगल्या गायकाला ते त्याच क्षणी कळते. त्याचा चेहरा तेव्हा पाहावा. वाईट गायकाला ते कळत नाही आणि तो आणखी एक फेरी घेतो.

शेवटी भैरवी. तिचा पहिला कोमल स्वर लागताच सभागृहात खुर्च्यांची खाडखूड होते. मुंबईत दादरची गाडी आणि पुण्यात पार्किंगमधली गाडी, कारणे एवढीच वेगळी. पिशव्या उचलल्या जातात, कुणाची तरी चप्पल सापडत नाही, आणि ‘एक्सक्यूज मी’च्या ठेक्यावर अस्ताई होते. याला ज्ञात अपवाद एकच. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी बसवलेली आहे, आणि तिच्यात गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती यानांबरोबर सूर्यमालेच्या वेशीपलीकडे चालली आहे. तिथे मध्येच उठून जाणारे अजून कोणी भेटलेले नाही.

मैफलीची बातमी आयोजकांच्या चिटणिसाने आदल्या दिवशीच लिहून ठेवलेली असते. तीत सभागृह तुडुंब असते आणि रसिक मंत्रमुग्ध. पाहुण्यांची सर्व नावे हुद्द्यांसह येतात, गायकाचे नाव चौथ्या ओळीत आणि तबलजीचे आडनाव चुकलेले. तंबोऱ्यावर साथ करणाऱ्या दोन शिष्यांची नावे तीत नसतात. ते दोघे त्या वेळी रंगमंचामागे टेम्पोची वाट पाहत उभे असतात. दिवे विझलेले, वातानुकूलन बंद, सतरंज्या गोळा होत असलेल्या. गवसणी चढवण्याआधी त्यांतला एक जण सहज तारेवरून बोट फिरवतो, तर पाचला लावलेला तंबोरा पुन्हा चोख सुरात आलेला असतो.