तयारीतले परिक्रमावासी

नर्मदा परिक्रमेला जाणारी माणसं दोन प्रकारची. एक निघतात. दुसरी तयारी करतात. परभणीतल्या आमच्या कॉलनीचे गुरुजी दुसऱ्या प्रकारातले, आणि त्यात पहिल्या क्रमांकाचे.

निवृत्तीच्या समारंभात शाल-नारळ हातात असतानाच त्यांनी जाहीर करून टाकलं, ‘मी परिक्रमा करणार. पायी. आणि एकट्यानं!’ तेव्हापासून दर कार्तिकी एकादशीला ‘यंदा उचलायचीच’ असं ठरतं. एकट्यानं जायची ही गोष्ट त्यांनी इतक्या जणांना सांगून ठेवली आहे, की निरोप द्यायला येणाऱ्यांसाठीच दोन ट्रॅव्हल्स लागतील.

ज्ञान मात्र पक्कं. अमरकंटकपासून भरूचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदा १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ चालायचे म्हणजे अडीच हजारांच्या वर. मैया कायम उजव्या हाताला. पात्र कुठंही ओलांडायचं नाही. फक्त समुद्राशी, विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेनं जायचं. शास्त्रोक्त परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची, चातुर्मासात एका जागी मुक्काम. हे सगळं ते हाफ चहावर तोंडपाठ सांगतात. जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ त्यांनी इतकं अधोरेखित केलंय, की रेघ नसलेली ओळच आता उठून दिसते. सराव म्हणून रोज पहाटे कॉलनीतली पाण्याची टाकी उजव्या हाताला ठेवून फेऱ्या मारतात. दूधवाला नेमका टाकीच्या डाव्या अंगाला बसतो, त्यामुळं नियम मोडू नये म्हणून दूध आणायला काकू जातात.

खरी शोभा सॅकची. दर रविवारी ती किराणा दुकानाच्या काट्यावर चढते. टूथब्रशची दांडी कापून गुरुजींनी थोडं वजन वाचवलं, साबणाची वडी पाव केली, टॉवेल मधोमध फाडला. मग त्या वाचलेल्या जागेत अर्धा किलो येसर, मेतकुटाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, धपाट्याचं पीठ आणि जर्मनचं भगुनं बसवलं. परिक्रमेत संग्रह करायचा नसतो, सदावर्तात मिळेल ते शिजवून खायचं असतं, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या सामानाच्या यादीत ‘अपरिग्रह’ लिहिलेलंच आहे. नेलकटरच्या खाली आणि मच्छरदाणीच्या वर. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासी लुटले जात, म्हणून बंडीला आतून चोरखिसा शिवून घेतलाय. तो नेमका कुठं आहे हे सगळ्या कॉलनीला दाखवून झालंय.

आता राहिलं फक्त निघायचं. कार्तिक संपता संपता परभणीत थंडी उतरते. कृषी विद्यापीठातला पारा पेपरात छापून येतो आणि गुरुजी तो अंक पुरावा म्हणून जपून ठेवतात : ‘इथं ही गत, तर अमरकंटकला काय!’ संक्रांत सरली की ऊन, उन्हाळा सरला की चातुर्मास. शिवाय रेल्वे. पूर्वी पूर्णेहून छोट्या लाईनची गाडी अकोला, खंडवा करत थेट ओंकारेश्वर रोडला उतरवायची. रूळ रुंद करायला घेतले आणि ती सोय गेली. ‘लाईन पुरी होऊ द्या, दुसऱ्या दिवशी निघतो.’ यावर काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, ‘अडीच हजार किलोमीटर पायी चालणाऱ्याला खंडव्याची गाडी लागतीय व्हय?’

आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी येते, परभणीहून दैठणा करत गंगाखेडकडं जाते. एका वर्षी गुरुजी भरल्या सॅकसह तिच्या मागं निघाले. बाजूनं एक आजी चालत होत्या. हातात कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. त्यांनी गुरुजींना खालवर न्याहाळलं आणि कळवळून विचारलं, ‘बाबा, पोरांनी घराबाहेर काढलं का हो?’ गुरुजी दैठण्याहून एसटीनं परतले. वहीत नोंद झाली : ‘सराव समाधानकारक. टाचेस फोड.’

मागच्या गल्लीतले एक निवृत्त कंडक्टर त्यांच्याकडं सल्ल्याला आले होते. गुरुजींनी यादीची झेरॉक्स दिली, दोन तास समजावलं. कंडक्टरनी यादी घडी घालून खिशात ठेवली आणि त्याच आठवड्यात एक घोंगडी, झोळी, कमंडलू घेऊन निघून गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस परिक्रमा पुरी करून आले, काळे ठिक्कर आणि निम्मे होऊन. गुरुजींसाठी नर्मदेतला गोटा आणला होता. गुरुजींनी तो कपाळाला लावला, नकाशा पसरला आणि झाडीतून कुठल्या वाटेनं गेलात ते विचारलं. कंडक्टरनी बोट ठेवलं. ‘तिथं चुकलात,’ गुरुजी म्हणाले. कंडक्टरनीही मान डोलावली. दोन तासांचं ऋण होतं.

गुरुजींना कुणी भित्रा म्हणू नये. वाटेत लागणारी प्रत्येक अडचण त्यांनी घरबसल्या सोसली आहे, काही तर दोन-दोनदा. तुम्हाला परिक्रमेला जायचं असेल तर त्यांना जरूर भेटा. एवढी खरी माहिती फुकट, वर चहा, दुसरीकडं मिळायची नाही. फक्त भेटायच्या आधी तिकीट काढून ठेवा.