आबा आणि इतर

आकड्यांचा कागद दिसला की त्याचा ग्राफ काढल्याशिवाय ज्याला घास गिळवत नाही, असा एक जण तुमच्याही भिशीत, सोसायटीत किंवा भावकीत असणारच. आमच्या सुदुंबऱ्यात त्यांना ग्राफआबा म्हणतात, अर्थात पाठीमागे.

आबांची नोकरी चाकणच्या एमआयडीसीत, क्वालिटी खात्यात झाली. तेव्हा एक ग्राफ काढायला त्यांची अख्खी दुपार जायची आणि तेवढी दुपार गाव सुखात असायचं. रिटायर झाल्यावर नातवानं मोबाइलमध्ये चॅटजीपीटी टाकून दिलं आणि सगळा घोटाळा झाला. आता एक्सेलची फाइल चढवायची, खाली "बाळा, याचा ग्राफ कर" असं लिहायचं, की चहा गाळून होईस्तोवर ग्राफ तयार. एनडीआरएफची पाचवी बटालियन आमच्याच गावात आहे. पूर आला, दरड कोसळली तर ते जवान धावून जातात. आबा कोसळले तर मात्र ज्यानं त्यानं आपापलं बघायचं.

बाळ हुशार आहे, पण नवखं. पहिल्या खेपेला गणपती मंडळाच्या वर्गणीच्या ग्राफमध्ये सगळ्यांची नावं चौकोनी डब्या होऊन आली. बाळाच्या फॉन्टात देवनागरीच नव्हती. मग त्यानं मोबाइल नंबरांचा रकाना रक्कम समजून बेरजेत धरला आणि मंडळ हजारो कोटींचं धनी झालं. तेही निस्तरलं, तर पुढच्या ग्राफमध्ये बरोबर अर्धी वर्गणी एकाच दात्याच्या नावावर. दात्याचं नाव 'एकूण'. फाइलमधली शेवटची बेरजेची ओळसुद्धा बाळानं माणूस म्हणून मोजली होती. "हे एकूण कुठल्या आळीतले?" असं विचारत दोन पोरं नारळ घेऊन सत्काराला निघाली होती.

पण या सगळ्या बाळाच्या खोड्या. आबांची स्वतःची खोड एकच, 'इतर'.

कारखान्यात माल का रिजेक्ट झाला याची कारणं मोजतात. मोठी कारणं उतरत्या खांबांनी मांडायची आणि उरलेली किरकोळ एका शेवटच्या खांबात कोंबायची. याला पॅरेटो म्हणतात. नोकरीत आबांच्या हाताला ते वळण पडलं ते पडलंच. बाळाला दिलेला त्यांचा हुकूम ठरलेला असतो : "पाच मोठे ठेव, बाकीचे इतरमध्ये टाक."

एकदा भाताचं नुकसान का झालं याचा त्यांनी गोल ग्राफ काढला. करपा, तुडतुडे, अवेळी पाऊस आणि इतर. शेजारच्या खाचरातला इंद्रायणी भात ज्या म्हशीनं आडवा केला ती म्हैस आबांचीच. ती 'इतर'मध्ये उभी होती. नातवाची स्थळं का मोडतात याचाही ग्राफ झाला. नोकरी, शेती, पत्रिका या सगळ्यांपेक्षा 'इतर' मोठं निघालं. पुढं कळलं की ते 'इतर' तळेगावात राहतं, स्कूटी चालवतं आणि नातवाला रोज फोन करतं. घरखर्चाचा ग्राफ पाहून काकू एवढंच म्हणाल्या, "म्हंजी लग्न झाल्यापासनं मी इतरच की!"

हा गोल ग्राफ पहिल्यांदा छापला विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं, 1801 साली. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. त्याच्या दरबारी आबा असते, तर मराठेशाही कशी बुडाली याचा सुबक ग्राफ मिळाला असता. इंग्रज, दुफळी, कर्ज आणि इतर. आणि बाजीराव स्वतः कुठल्या भागात, हे सांगायला नको.

हे असंच चाललं असतं. पण गणपतीच्या वर्गणीचा ग्राफ फ्लेक्सवर लागला आणि भाजी विकणारी एक म्हातारी त्याच्यापुढं येऊन थांबली. तिनं एकवीस रुपये दिले होते. "माजं नाव कंचं?" तिनं विचारलं. आबांनी राखाडी तुकड्यावर बोट ठेवलं. "हे. इतर." म्हातारी त्या रंगाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्यात मी कुठं हाय?"

आबांना उत्तर आलं नाही. ज्या गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे, तिथं हा प्रश्न विचारला गेला. संताजींनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. निवडक पाच ठेवून बाकीचे 'इतर' केले असते, तर आज आपल्या हाती काय आलं असतं? आणि तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी संताजी आणि कडूसचे गंगाराम मवाळ सोडले, तर आपल्यातल्या किती जणांना उरलेले सांगता येतील?

त्या रात्री आबांनी मोबाइल बाजूला ठेवला, शाळेची दुरेघी वही काढली आणि 'इतर'मधलं प्रत्येक नाव रकमेसकट हातानं लिहिलं. सकाळी ते कागद फ्लेक्सशेजारी चिकटवले. अक्षर वळणदार, रेघ सरळ. या माणसावर चिडायचं अवघड झालं, ते त्या दिवसापासून.

मंडळाचीही पंचाईत तिथूनच सुरू झाली. 'इतर' उघडायची चटक लागलेले आबा हिशोबाच्या बैठकीत खर्चाच्या ग्राफकडं वळले. मंडप, डीजे, महाप्रसाद आणि इतर. "बाळा, इतर उघड," आबांनी टाइप केलं. बाळानं नम्रपणे कळवलं की तपशील फाइलमध्ये नाही. आबांनी मान वर केली. कार्यकर्ते एकदम मोबाइलमध्ये गुंतले. खजिनदारांना तर महत्त्वाचा फोनच आला.

यंदा नवी कार्यकारिणी जाहीर झाली. फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार फोटोसकट झळकले. आबांचं नाव कुठं दिसेना. शेवटच्या ओळीत बारीक टायपात होतं, 'व इतर सदस्य'.

आबांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. मग खिशातलं पेन काढून मला म्हणाले, "कोण कोण हायेत रे यात? सांग नावं. लिहून घेतो."