महाग, फार महाग आणि माथेरान

वस्तूचे दाम वाजवीपेक्षा जास्त आहेत हे सांगायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. मात्र ते कोणी, कोणासमोर आणि पैसे देण्याआधी की दिल्यावर उच्चारायचे, याचे दंडक ठरलेले आहेत. ते क्रमाने पाहायचे तर मुंबईहून माथेरान गाठणे सोयीचे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे, आणि तिथवर भाव व भाषा बरोबरीने चढतात.

‘महाग’ हा या कुळातला सर्वांत निरुपद्रवी शब्द. सोने महाग असते, हापूस महाग असतो, पण त्यात विकणाऱ्यावर ठपका नसतो. ठपका ठेवायचा तर क्रियापद बदलावे लागते. रास्त पैसे माणूस ‘देतो’, अवाजवी पैसे ‘मोजतो’. पलीकडच्या बाजूचा दुकानदार रास्त पैसे ‘घेतो’, थोडे जास्त ‘लावतो’ आणि फार जास्त ‘उकळतो’. स्टेशनावरच्या चहाला हे शेवटचे क्रियापद दोन्ही अर्थांनी लागू व्हायला हवे; प्रत्यक्षात उकळलेले असतात ते बहुधा पैसेच.

फलाटावर पहिली गाठ पडते ती बाटलीबंद पाण्याशी. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घ्यायला कायद्याने दुकानदाराला बंदी आहे. त्यामुळे इथे ‘महाग’ चालत नाही, ‘वरचे पाच कसले?’ असे विचारावे लागते. उत्तर ‘थंड आहे ना’ असे येते आणि तिथे संवाद संपतो, कारण गाडी सुटत असते. रेल्वेच्या स्वतःच्या पाण्याची लिटरची बाटली अनेक वर्षे १५ रुपयांना होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये १४ रुपयांची झाली. ग्राहकाचा एक रुपया वाचला खरा, पण तो परत मिळवायला समोरच्याकडे सुटे असावे लागतात.

कर्जत लोकलच्या तिकिटाबद्दल कोणीच काही बोलत नाही. ते स्वस्त असते, आणि स्वस्त गोष्टीवर प्रवासी शब्द खर्चत नाहीत.

नेरळला दोन वाटा फुटतात. एक झुकझुक गाडीची. पीरभॉय घराण्याने बांधलेला हा दोन फुटी रूळमार्ग १९०७ साली सुरू झाला. गाडीला डबे थोडे, माणसे फार, आणि पावसाळ्यात नेरळहून ती वर जात नाही. म्हणून बहुतेकांच्या नशिबी दुसरी वाट येते, टॅक्सीची. तिथे माणशी दर ठरलेला असतो. पण पूर्ण गाडी भरेपर्यंत थांबायची तयारी नसली की ‘स्पेशल’ हा शब्द पुढे येतो. गाडी तीच, घाट तोच, चालकही तोच. विकणाऱ्याच्या कोशातला दुसरा मोठा शब्द ‘सीझन’. मे महिन्यात सीझन असतो, दिवाळीत असतो, पावसाळ्यात पावसाळी असतो, आणि उरलेल्या महिन्यांत शनिवार-रविवार असतो.

दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. माथेरानात त्यांना बंदी आहे. इथून बाजारपेठेपर्यंत लाल मातीची वाट, आणि बोली लावायला घोडेवाले व हमाल. शेजारी दरफलक असतो. तो सगळे वाचतात, मानत कोणी नाही. या टप्प्यावर ‘अव्वाच्या सव्वा’ हा शब्दप्रयोग लागतो. तो घोडेवाल्याला उद्देशून कधीच वापरत नाहीत. बायकोला किंवा नवऱ्याला उद्देशून, पण घोडेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात वापरतात. थेट त्याला विचारायचे असेल तर ‘सोन्याचा आहे का घोडा?’ असे विचारतात. ‘सोन्याला खायला घालावं लागत नाही, साहेब,’ हे उत्तर बिनतोड आहे.

या बाबतीत घोडेवाल्याची बाजू बळकट आहे हे नोंदवले पाहिजे. गावातली साखर, गॅसची टाकी, विटा, प्रवाशाची बॅग, सगळे दस्तुरीपासून पुढे कोणाच्या तरी पाठीवर किंवा हातगाडीवर जाते. पर्यटक जिला ‘लूट’ म्हणतो तिच्यातली बरीचशी निव्वळ हमाली असते. रिकाम्या हाताने ती वाट चढून आलेला माणूस तर हॉटेलाच्या दारात चहाचा भाव विचारतसुद्धा नाही.

हॉटेलात ‘भुर्दंड’ सुरू होतो. ज्या जास्तीच्या खर्चाबद्दल नेमके कोणाशी भांडावे हे कळत नाही, तो भुर्दंड. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेले आणि उपाहारगृहांना छापील किमतीहून जास्त दराने पाणी विकायची मोकळीक दिली, कारण तिथे बाटलीबरोबर टेबल-खुर्ची आणि सेवाही मिळते. खोलीपेक्षा घोडा, गरम पाणी आणि जास्तीची गादी यांचेच बिल मोठे झाले की ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण निघते. आणे जाऊन दशके लोटली, तरी म्हणीला महागाई शिवलेली नाही.

‘भाव कडाडले’, ‘गगनाला भिडले’, ‘खिशाला कात्री’ हे शब्द फक्त वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत राहतात. शार्लट तलावाच्या काठी मक्याचे कणीस गगनाला भिडल्याचे कोणी कधी म्हटलेले नाही; तिथे फक्त ‘बापरे’ म्हणतात.

पैसे दिल्यानंतरचे शब्द वेगळे. बाजारात घासाघीस करून चामड्याची चप्पल घ्यावी आणि दोन दुकानांपुढे तीच, बिनघासाघिशीची, शंभराने कमी दिसावी, की ‘टोपी घातली’ असे म्हणतात. चप्पल घेतानासुद्धा टोपीच घालतात. ‘चुना लावला’ हेही चालते. मात्र ‘महागात पडलं’ हे पैशांपुरते नसते. घोडा नको म्हणून सगळे पॉइंट पायी केलेल्याला ते दुसऱ्या दिवशी गुडघ्यांबद्दल म्हणावे लागते.

घरी परतल्यावर सगळे भाव उतरतात. ‘केवढ्याला पडली?’ या प्रश्नाला सासूबाईंना एक आकडा सांगतात, शेजाऱ्यांना दुसरा. खरा आकडा कोणालाच नाही. चिक्कीचा भाव विचारत नाहीत, कारण ती वाटायची असते. ती दादरलाही मिळते, हा मुद्दा घरातले एखादे ज्येष्ठ काढतातच, आणि ‘तिथली वेगळीच असते’ हे त्यावरचे उत्तर आधीपासून ठरलेले असते.