तो असाच येतो

सध्या भिवंडीत केबल कापायची लाट आली आहे. कामतघरपासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत जो भेटतो तो छाती काढून सांगतो, "आपण तर केबल काढून टाकली." कोणी गच्चीवर फ्री डिशची छत्री लावली, कोणी वायफायवर टीव्ही जोडला, कोणी जावयाच्या पासवर्डवर सुखाने जगतो आहे. दर महिन्याला दारात येणारा पावतीबुकवाला आता फक्त समोरच्यांकडे येतो आणि आपण ते दाराच्या फटीतून आनंदाने बघतो. मग एका सकाळी नळ कोरडा सूं-सूं करतो आणि घरातली म्हातारी विचारते, "काल पट्टीवर काय दिलं होतं?"

पट्टी गेली, हे घराला तेव्हा कळतं. पट्टी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांनी हे सदर इथेच सोडून राशिभविष्याकडे वळावं.

केबलवाल्याच्या लोकल चॅनलवर पट्टीच्या वरच्या भागात काय चालतं, हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. तिथे कुणा दादांच्या हस्ते कशाची तरी फीत कापली जात असते, किंवा गेल्या नवरात्रातला गरबा पुन्हा एकदा चालू असतो. तो भाग केवळ पट्टीला टेकू म्हणून ठेवलेला आहे. खरा चॅनल म्हणजे खालची ती बोटभर निळी पट्टी. तिच्यावरून उजवीकडून डावीकडे उद्या सकाळी नऊ ते दुपारी दोन कोणत्या फीडरची लाईट जाणार ते जातं, त्याच्या शेपटीला चालू हालतीतले चार लूम विकणे आहेत, त्यामागे कारागीर पाहिजेत राहण्याची सोय केली जाईल, मग कासार आळीतल्या कुणाचे तरी वडील वारले अंत्ययात्रा अकरा वाजता, मग दहावीच्या गणिताचे खात्रीशीर क्लास, मग पांढरी बकरी हरवली आहे गळ्यात घुंगरू, मग युवकांचे आशास्थान भाऊंना उदंड आयुष्य, मग पाणी कमी दाबाने येईल, मग पुन्हा भाऊ, कारण भाऊंचे पैसे दुप्पट आले असणार. ही पट्टी मागे नेता येत नाही, थांबवता येत नाही, साठवून ठेवता येत नाही. 'कमी दाबाने येईल' एवढंच दिसलं आणि कुठे ते निसटलं, तर अख्खी फेरी पुन्हा बघायची: सोनाराची जाहिरात, बकरी, भाऊ, गणित, परत भाऊ. तेवढ्यात फोडणी करपते. तरी कोणी उठत नाही, कारण आपल्या आळीचं नाव येणारच असतं. भिवंडीच्या दोन पिढ्यांना वेगाने वाचायला शाळेने शिकवलेलं नाही, पट्टीने शिकवलं आहे.

तर ही पट्टी केबल कापल्यावर कुठून मिळवायची? डिश बसवायला आलेल्या पोराला विचारलं. तो छत्रीचा नट आवळत होता. म्हणाला, "काका, लोकलवाला कुठल्याच पॅकमध्ये नाय. तो असाच येतो."

असाच येतो! मग कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या बाईंनी आधी माझं म्हणणं किती महत्त्वाचं आहे ते सांगितलं, मग संगीत ऐकवलं, मग यादी बघितली आणि म्हणाल्या, "सर, वो चॅनल हमारे सिस्टम में नहीं है." पैसे देतो म्हटलं. किंमतच नाही तर पैसे कशाचे घेणार?

१ फेब्रुवारी २०१९ पासून या देशातल्या ग्राहकाला चॅनल निवडण्याचं स्वातंत्र्य मिळालं, हे आठवत असेलच. महिना १३० रुपये, वर कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, त्यात शंभर चॅनल. पुढे त्याच पैशांत दोनशे झाले. बाकीचे हवे तसे वेचून घ्या, प्रत्येकाची किंमत छापलेली. या स्वातंत्र्याचा उपभोग भिवंडीने मनापासून घेतला. पद्मानगरात तेलुगू चॅनल वेचले गेले, लूमच्या खोल्यांतून भोजपुरी वेचले गेले, लग्नाला आलेल्या मुलीसाठी स्वयंपाकाचे, म्हाताऱ्यांसाठी कीर्तनाचे. घरामागच्या गल्लीतून निघणारा चॅनल तेवढा वेचता येत नाही, कारण तो विकायला ठेवलेलाच नाही. सातासमुद्रापलीकडच्या मगरी काय खातात, हे ठरलेल्या दरात मिळतं. आपली बकरी सापडली का, हे मात्र कुठल्याही दरात मिळत नाही.

हा केबलवाल्याचा नुसता आडमुठेपणा असता तर चार शिव्या देऊन विषय संपला असता. पण यामागे नियम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केबलवरच्या या घरगुती चॅनलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांना आधी एक भारदस्त नाव मिळालं, 'प्लॅटफॉर्म सेवा'. म्हणजे आपली बकरी आता प्लॅटफॉर्मवर आहे. दर चॅनलमागे हजार रुपये नोंदणी, एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांच्या वर असे चॅनल नकोत, आणि मुख्य कलम असं की, हा मजकूर त्या एकाच केबलजाळ्यापुरता ठेवायचा, दुसऱ्या कोणत्याही वितरकाला थेट किंवा आडमार्गाने द्यायचा नाही. उपग्रहावरच्या चॅनलांत आणि यांच्यात सरमिसळ होऊ नये म्हणून. बरोबरच आहे. उद्या भिवंडीच्या पाण्याची वेळ चुकून कोणी पाटण्यात वाचली तर काय हाहाकार माजेल!

तेव्हा गच्चीवर उभं राहून हिशेब बघा. फ्री डिश डिसेंबर २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही, गरिबाला वरदान आहे, त्यात वाद नाही. तिची छत्री बघते जीसॅट-१५ कडे, जो नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतून उडाला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर जाऊन बसला. कार्यक्रम जमिनीवरून तिथे जातो आणि तिथून आपल्या छत्रीत उतरतो. म्हणजे जाऊन-येऊन ७२ हजार किलोमीटर. एवढा प्रवास करून चित्र अगदी स्वच्छ. आणि धामणकर नाक्याच्या अलीकडच्या गल्लीतली बातमी पलीकडच्या गल्लीत येत नाही, कारण मधली वायर आपण कापली.

खरं म्हणजे वायरही कापलेली नाही. कनेक्शन बंद झालं तरी काळी वायर आपल्या खिडकीवरून तशीच लोंबते आहे, इंटरनेटच्या नव्या वायरींच्या जोडीने. ती काढायला कोणी येत नाही, पावसाळ्यात तिच्यावरून पाणी ठिबकतं, टेम्पोच्या टपात अडकते, कावळे बसतात. सगळं येतं तिच्यावरून, फक्त पट्टी येत नाही.

कोणी म्हणेल, एवढे बातम्यांचे चॅनल आहेत, ते बघा. बघतो ना. आमच्या एका पट्टीच्या जागी त्यांच्याकडे चार आहेत. एक लाल, एक पिवळी, एक शेअरबाजाराची, एक आडवी सोडून उभी. मध्ये चौकटीचौकटींत आठ माणसं एकमेकांवर ओरडत असतात आणि खाली चारही पट्ट्या ते काय ओरडताहेत तेच लिहीत असतात. या चार पट्ट्यांत मिळून नळाला पाणी कधी येणार हे एकदाही आलेलं नाही. दिल्लीत धुकं पडलं की आम्हाला दिवसभर धुकं दाखवतात. इथे दिवसभर लाईट नसली, कारखाने बंद पडले, कारागिराचा रोज बुडाला, तर ते दिसायला टीव्हीच चालू नसतो. आम्ही त्यांच्या पडद्यावर येतो ते फक्त गोदाम पेटल्यावर किंवा इमारत पडल्यावर. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली इमारत कोसळली तेव्हा ढिगाऱ्यासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली होती. तोंडाने 'मुंबईजवळच्या भिवंडीत' म्हणत होते. मुंबईजवळची! लाखो माग असलेलं गाव. अर्ध्या देशाच्या अंगावरचं कापड ज्याच्या धुरळ्यातून निघतं, त्या गावाला स्वतःचा पत्ता नाही. ढिगारा उचलला की कॅमेरे उठतात. त्यानंतर कोणाच्या इमारतीला कोणती नोटीस लागली, कोणाला कुठे हलवणार, शिबिर कोणत्या शाळेत, हे बारीकसारीक ज्या एका जागी येतं ती जागा बोटभर निळी आहे आणि ती 'असाच येतो' या सदरात मोडते. जे असंच येतं ते असंच जातं, त्याची तक्रार कुठल्या नंबरवर करायची?

बरं, गच्चीवर जुना ॲल्युमिनियमचा अँटेना अजून असलेल्यांनी आशा धरू नये. हवेतून फुकट येणाऱ्या चित्राचे बहुतेक जुने ॲनालॉग मनोरे २०२२ पर्यंत बंद झाले. त्या अँटेन्यावर आता मिरच्या वाळतात.

आमच्या इमारतीने यावर तोड काढली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या शेठनी केबल अजून ठेवली आहे, कंजूषपणाच्या उलट असा त्यांचा हा एकच गुण. ते रोज रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर उभे राहतात, पट्टीचा फोटो काढतात आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. पण पट्टी पळती आणि शेठचा अंगठा जड. त्यामुळे जे येतं ते असं येतं: 'युवकांचे आशास्थान भाऊ यांच्या वाढदिवसानिमित्त उद्या कमी दाबा'. परवा आलं, 'पांढऱ्या रंगाची, गळ्यात घुंगरू, राहण्याची सोय केली जाईल'. त्यावर ग्रुपमध्ये पहाटेपर्यंत चर्चा चालते. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं पाणी जाणार, चौथ्याचं म्हणणं लाईट, तळमजला दोन्ही धरून बादल्या आणि मेणबत्त्या भरून ठेवतो. शेठना कोणी व्हिडिओ काढा म्हणून सुचवलं तर ते म्हणाले, त्याला डेटा लागतो, महिना घरटी दहा रुपये काढा. काढले. या आठवड्यापासून व्हिडिओ येतो, अगदी पूर्ण फेरीचा. फक्त शेवटी शेठच्या आवाजात एक ओळ जास्त असते: गाळा भाड्याने देणे आहे, मेन रोड टच, दलाल क्षमस्व.