सर्चूहून माघार

पुण्या-मुंबईहून लेहला निघालेले सगळेच मोटारसायकलस्वार लेहला पोचत नाहीत. परतण्याचे अधिकृत कारण बहुधा दरड असते. दरडीची उलटतपासणी घेता येत नाही, हा तिचा मोठा गुण. जुलै 2023मध्ये बियासच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता खरोखरच जागोजागी वाहून गेला. एरवी दरडीच्या नावावर जळलेल्या क्लचप्लेटा, संपलेली रजा आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या सर्चूच्या तंबूत, सुमारे 4,300 मीटरवर, रात्रभर ठणकलेले डोके असे बरेच काही खपून जाते.

गाडी रेल्वेच्या पार्सलने येते. त्याआधी टाकीतले पेट्रोल काढावे लागते, आरसे उतरवले जातात, गाडी गोणपाटात शिवली जाते. हँडलच्या रंगीत प्रार्थनापताका तेवढ्या शिवणीतून बाहेर लोंबत राहतात. त्या मनालीच्या बाजारातही मिळतात, ही मोठीच सोय.

स्वार गाडीच्या आधी घरी पोचतो आणि खरी चढण तिथे लागते. निघताना औक्षण झालेले असते, सोसायटीच्या फाटकाशी फोटो निघालेले असतात. ‘एवढ्यात आलात?’ या प्रश्नाला मग उंचीचे आकडे पुढे केले जातात आणि ते दर सांगण्यागणिक वाढतात. यात स्वाराला फार दोष देता येत नाही. लेहजवळच्या खारदुंग खिंडीचा फलक वर्षानुवर्षे 18,380 फूट सांगत आला. मोजणीत ती सुमारे 17,582 फूट भरते.

दरम्यान गाडी स्टेशनात उतरलेली असते. मुदतीत सोडवून नेली नाही, तर तिथेही दंड चढू लागतो.