गाडी काय म्हणत्या?

रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर काही जुन्या मोटरसायकली येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्या शेजारी त्यांची माणसं. दोघांचीही वयं आता अशी की, उन्हात उजळण्यापेक्षा सावलीत विसावणं बरं वाटावं. चहा येईपर्यंत जे बोलणं चालतं ते एखाद्या परक्याने ऐकलं, तर त्याला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्यासारखं वाटेल. कुणाला सकाळी उठायला त्रास होतो, कुणाला चढावर दम लागतो, कुणाच्या पोटात हल्ली सारखी खडखड. यातलं गाडीचं दुखणं कोणतं आणि मालकाचं कोणतं, हे मलाही दर वेळी सांगता येत नाही, आणि ते वेगळं करण्याची त्यांना स्वतःलाही फारशी निकड दिसत नाही.

दोष त्यांचा नाही. या गाड्याच मानपान करून घेणाऱ्या. जुनी बुलेट घ्या. ॲमीटरचा काटा मधोमध आणायचा, डाव्या मुठीजवळची डीकॉम्प्रेशनची कळ दाबून किक हलकेच जराशी सरकवायची आणि मगच सगळं अंग त्या एका पायावर टाकायचं. या पूजेत हयगय झाली की किक उलटी येते आणि नडगीवर असा प्रसाद देते की माणूस आठवडाभर लंगडत, पण अभिमानाने, सांगत फिरतो, ‘बुलेटनं लाथ घातली.’ येझदीची तऱ्हा निराळी. किकची दांडी हीच गिअरची दांडी. गाडी सुरू झाली की तीच पुढे वळवून गिअर टाकायचे. काटकसरी घरातल्या थोरल्या सुनेसारखी ती एकटीच दोन्हीकडचं बघत असते. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तरी गाड्या रस्त्यावर आहेत, कारण आमच्या शिवाजी उद्यमनगरात असे कारागीर आहेत की, तुटलेला तुकडा नुसता तळहातावर ठेवून दाखवला तरी लेथवर त्याचा जुळा भाऊ जन्माला येतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमचे येझदीवाले अण्णा गगनबावड्याच्या पुढे, करूळ घाटातल्या एका वळणावर, ओल्या खडीवरून घसरले. डाव्या पायाची नडगी मोडली, आत रॉड बसवला. आम्ही सगळे भेटायला गेलो. खाटेभोवती उभे राहिलो, घसे खाकरले, सलाइनच्या बाटलीकडे बघून घेतलं आणि मग एकाने विचारलं, ‘अण्णा, गाडी काय म्हणत्या?’

अण्णांचा चेहरा खुलला. ‘लेगगार्ड आत गेलाय. हँडल वाकलंय. टाकीला पोचा आलाय. पण इंजिन शाबूत आहे बघ.’

‘आणि हे इथं पडलेत, त्यांचं काय?’ वहिनी मोसंबी सोलता सोलता म्हणाल्या. त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी बुलेटवाल्याने समजूत घातली: येझदीची किकही डावीकडे आणि गिअरही डावीकडे, त्यामुळे अण्णा दोन्हीकडून अडकले, जुन्या बुलेटला गिअर आणि किक उजवीकडे असते, तेव्हा आमची गाडी असती तर अडला असता तो फक्त ब्रेक. हे सांत्वन म्हणून सगळ्यांना पटलं. अण्णांनाही.

आमच्याबरोबर आलेल्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हाडाच्या पोकळीतून गेलेली ती सळई आणि वर-खाली मारलेले स्क्रू त्याने डोळे बारीक करून पाहिले. ही युक्ती क्युंट्शर नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १९३९ साली मांडीच्या हाडात केली, तेव्हा त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी नाकं मुरडली होती. आमच्या मिस्त्रीला तिच्यात नवल असं काही दिसलं नाही. ‘लाइन सरळ आल्या,’ एवढंच तो म्हणाला, आणि अण्णांना त्या रात्री म्हणे पहिल्यांदा शांत झोप लागली.

पुढचे महिने गाडीचे आणि अण्णांचे एकाच चालीने गेले. गाडी उघडलीच आहे तर बोअरही करून घेऊ, असं ठरलं. मग मिस्त्रीचं पथ्य आलं: नवा पिस्टन आहे, सुरुवातीला ४०च्या वर न्यायची नाही. डॉक्टरांचंही आलं: पायावर सध्या निम्मंच वजन. वॉकर धरून गॅलरीत चालणाऱ्या अण्णांना कुणी ‘कसं काय?’ म्हटलं, की ते सांगत, ‘रनिंग-इन चाललंय.’

गाडी दुरुस्त होऊन खाली अंगणात येऊन उभी राहिली. मग आमच्यातलं कुणी ना कुणी संध्याकाळी जाऊन तिला सुरू करून येऊ लागलं. अण्णा वर पडल्या पडल्या ऐकत. किक कुणी मारली हे त्यांना आवाजावरून कळे, आणि खिडकीतून हुकूम येई, ‘चोक सोड! मारशील तिला!’ ज्या दिवशी कुणी फिरकत नसे, त्या दिवशी त्यांचा पाय जास्त दुखतो, असं वहिनींनी आम्हाला एकदा जिन्यात, आवाज उतरवून सांगितलं. त्यानंतर खाडा झाला नाही. ‘अण्णा, दुखतंय का हो?’ हे मात्र आजतागायत कुणाच्या तोंडून निघालेलं नाही. ते आमच्याच्यानं जमायचं नाही. आम्ही फार तर प्लग काढून बघू.

तेव्हा तुमच्या ओळखीत असं कुणी पाय बांधून पडलं असेल, तर सफरचंदं नेऊ नका, ती घरात पिशवीभर आधीच आलेली असतात. अंगणात जा, त्याची गाडी स्टँडवर लावून त्याला ऐकू जाईल अशी थोडा वेळ चालवा, आणि निघताना पेट्रोलचा कॉक तेवढा आठवणीने बंद करा.